हिन्रिख ओस्टरलोचा साक्षीदार

१ जानेवारी १९४५ रोजी सकाळी जर्मन हवाईदलाची शेकडो लढाऊ विमाने बेल्जियम आणि हॉलंडमधल्या शत्रूच्या विमानतळांवर झेपावली. त्यांतली काही आपल्याच विमानविरोधी तोफांनी पाडली, एवढे निर्विवाद आहे. मोहीम इतकी गुप्त ठेवली होती की वाटेवरच्या अनेक तोफखान्यांना तिची खबरच नव्हती. अशी विमाने नेमकी किती, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. त्यांतले एक गेरोल्ड टापकेनचे होते काय, यावर आमच्या हॉल्टरमोर गावाचेही नाही.

गेरोल्ड हा पाववाल्या टापकेनचा थोरला मुलगा, हवाईदलात लेफ्टनंट. त्या सकाळी त्याच्या मागे, किंचित डाव्या अंगाला, हिन्रिख ओस्टरलो उडत होता. ही हकीकत हिन्रिखची आहे. ती मला मुख्यतः गेरोल्डची धाकटी बहीण मेटा हिच्याकडून मिळाली, आणि जिथे ती अडखळली तिथे मी ती पूर्ण केलेली नाही.

हिन्रिखचा बाप दलदलीतून जळणाची माती कापून विकत असे. मुलाने आभाळाकडे पाहावे असे त्या घरात काही नव्हते. पाहायला शिकवले गेरोल्डने. सत्ताधारी पक्षाच्या युवक संघटनेत ग्लायडर चालवायला शिकवीत. बाकीच्या मुलांनी रबरी दोर ताणून धावत सुटायचे आणि एकाने वर जायचे. गेरोल्ड आधी वर गेला, मग हिन्रिख. सुट्टीवर आलेला हिन्रिख गणवेश घालून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसे, असे मेटा सांगते. त्याला कोणी धरून विमानात बसवले नव्हते, हे इथेच नोंदवलेले बरे.

लढाऊ विमाने जोडीने उडत. पुढचा मारी, मागचा त्याची पाठ राखी. पण मागच्याला आणखी एक काम असे, ते म्हणजे पाहण्याचे. आपण शत्रूचे विमान पाडले असे नुसते सांगून भागत नसे. दुसऱ्या कुणीतरी ते पडताना पाहिले पाहिजे. दुसऱ्याने पाहिले नाही ते पडलेच नाही, असा सरळ हिशेब होता. मग जे व्हायचे तेच होई. माणसे एकमेकांना डोळे उसने देत.

१९४४ च्या शरदात हिन्रिखच्या तुकडीतला फोल्केर्ट आइलर्स खाली उतरला तो हात चोळतच.

"धूर सोडत ढगात शिरलं. तू पाहिलंस ना, हिन्रिख?"

"शेपटी पाहिली."

"शेपटी पाहिलीस म्हणजे अख्खी गाय पाहिलीस की रे!"

सगळे हसले. हिन्रिखने पाहिल्याचे लिहून दिले आणि आइलर्सच्या छातीवर पदक आले. यात कुणाला काही वावगे वाटल्याचे दिसत नाही.

नववर्षाच्या त्या सकाळी तुकडीप्रमुखाने सर्वांना सांगितले, "तोफखान्याला कळवलेलं आहे. आज ते खालून टोप्या हलवतील." चार विमाने एकत्र निघाली. गेरोल्ड आणि हिन्रिख ही एक जोडी. आइलर्स आणि एक नवखा वैमानिक ही दुसरी. वाटेत लागणारा हॉलंडचा किनारा तेव्हा आमच्याच सैन्याच्या ताब्यात होता. हिन्रिखच्या सांगण्याप्रमाणे तिथेच खालून गोळे आले, गेरोल्डच्या विमानाचा पंख तुटला आणि ते पाण्यात गेले. हवाई छत्री उघडायला उंचीच नव्हती. नवखा वैमानिक पुढे विमानतळावरच्या चकमकीत पडला. परतले ते हिन्रिख आणि आइलर्स दोघेच.

दुपारी प्रमुखासमोर हिन्रिखने पाहिले ते सांगितले.

"आपल्या तोफेनं आपला माणूस पडत नसतो, ओस्टरलो."

"पण साहेब, मी डोळ्यांनी..."

"शत्रूच्या लढाऊ विमानानं पाडलं. तू पाहिलंस. कर सही."

त्याने सही केली. गेला तो गेलाच, कशाने गेला याने काय फरक पडतो, असे त्या क्षणी वाटले, असे तो पुढे मेटाला म्हणाला.

फरक पडायला दहा वर्षे लागली. इंग्रजांच्या कैदेतून सुटून हिन्रिख गावी आला, चर्चमागच्या छपरात सायकली दुरुस्त करू लागला. गुत्त्यात कुणीतरी सहज बोलून जाई, "पुढचा गेला, मागचा तेवढा परत आला." वैमानिकांच्या भाषेत याहून मोठी शिवी नाही. पाठ राखणारा एकटा परततो याचा अर्थ एकच होतो, त्याने पाठ सोडली. आणि गेरोल्डला शत्रूच्या विमानाने पाडले, हे तर त्याच्याच सहीने सिद्ध होते.

१९५५ मध्ये मेटाने बापाला सांगितले की तिला हिन्रिखशी लग्न करायचे आहे. डिडरिक टापकेनने कणकेत बुडालेले हात बाहेरही काढले नाहीत.

"ज्यानं माझ्या पोराची पाठ राखली नाही, त्याच्या हातात पोरगी देऊ?"

तेव्हा हिन्रिखने पहिल्यांदा तोंड उघडले. टापकेनने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "दुसऱ्या कुणी पाहिलं?" मुलाने सुट्टीवर येऊन जेवताना सांगितलेला तो नियम बापाच्या ध्यानात राहिला होता.

"आइलर्सनं पाहिलं, काका."

"मग त्याला माझ्यासमोर बोलू दे. तो हो म्हणाला तर लग्न लावून देतो."

आइलर्स जवळच्या शहरात शेतीची यंत्रे विकत असे. हिन्रिख त्याच्याकडे गेला तेव्हा तो म्हणाला, "पाहिलं का म्हणजे? माझ्या पोटाखालून गेले ते गोळे! सांगतो की. कोबीच्या जेवणाला येतोच आहे मी."

जानेवारीतले ते जेवण आमच्याकडे लग्नापेक्षा मोठे. गोठलेल्या रस्त्यावरून लाकडी गोळे लोळवत, हातगाडीवरच्या दारूचे घोट घेत सगळा गाव गुत्त्यावर पोचतो, आणि मग हिमाने गोड झालेली कोबीची हिरवी पाने, सॉसेज आणि बटाटे. सर्वांत जास्त रिचवील त्याला त्या वर्षीचा कोबीराजा करतात. १९५६ च्या त्या दुपारी टापकेन, मेटा, हिन्रिख आणि आइलर्स एकाच टेबलाशी बसले होते. आइलर्सचे ताट तिसऱ्यांदा भरले होते.

"फोल्केर्ट, जरा कमरेचा पट्टा सैल कर, नाहीतर बक्कल उडून भिंतीला लागेल!" गुत्तेवाली म्हणाली.

हशा ओसरल्यावर टापकेनने काटा खाली ठेवला.

"आइलर्स, माझा गेरोल्ड कशानं पडला?"

आइलर्सने बटाटा मोडला. "काका, त्या वेगात माणूस नाकासमोर बघतो. मी काही पाहिलं नाही."

"फोल्केर्ट!" हिन्रिख म्हणाला. "पोटाखालून गोळे गेले म्हणालास ना?"

"गोळे सगळीकडेच होते रे. कुणाचे, कशाला लागले, कोण सांगणार?"

इथे हिन्रिख गप्प बसला असता तर त्याचे म्हणणे निदान एका माणसाचे म्हणणे म्हणून उरले असते. पण त्याने नेमकी तीच चूक केली, जी एखाद्या वैमानिकाच्या हातूनच व्हावी. डोळे उसने दिले असतील तर ते परत मिळायलाच हवेत, अशी त्यांची रीत होती. तिची चाड गावालाही असेल असे त्याला वाटले. तो उभा राहिला.

"तू पाडलेलं विमान मी पाहिलं होतं, फोल्केर्ट! ढगात फक्त शेपटी दिसली, तरी पडताना पाहिलं म्हणून लिहून दिलं. तुझ्या छातीवरचं पदक माझ्या डोळ्यांचं आहे. आणि आज तू जे खरंच पाहिलंस ते सांगायला तुझी जीभ जड होते?"

 त्यावर बोलला तो टापकेन, आणि हळू आवाजात.

"म्हणजे न पाहिलेलं पाहिलं म्हणून तू लिहून दिलंस."

"हो, पण ते..."

"गेरोल्ड शत्रूच्या विमानानं पडला, तेही तूच लिहून दिलंस."

"हो, काका."

"मग पोरा, तुझं कोणतं पाहणं मी खरं धरू?"

मेटाच्या आठवणीप्रमाणे यावर हिन्रिखने टोपी उचलली आणि तो दाराकडे गेला. गुत्तेवालीने उगाचच ताटे उचलायला सुरुवात केली. थोड्या वेळाने मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडले की राजा ठरवायचा राहिला आहे. त्या वर्षीचा राजा आइलर्स झाला.

"मी बाबांच्या बाजूला बसले होते," मेटा मला म्हणाली. "हिन्रिख बाहेर गेला तेव्हा उठले नाही. उठायला हवं होतं का, हे माझं मलाच अजून ठरवता येत नाही."

पुढच्या आठवड्यात तो पाव घ्यायला दुकानात आला. तिने विचारले, "आइलर्ससाठी तसं लिहून दिलंस तेव्हा हसला होतास?"

"हो. सगळेच हसायचे."

"मग मला तुझ्याबरोबर हसता येणार नाही, हिन्रिख."

लग्न झाले नाही. नोव्हेंबरमध्ये चर्चच्या अंगणात युद्धात पडलेल्यांची शिळा उभी राहिली. गेरोल्डच्या नावाखाली 'शत्रूशी लढताना' असे कोरले आहे. नावे वाचली जात असताना हिन्रिख कुंपणाबाहेर टोपी काढून उभा होता, आत आला नाही. १९८७ मध्ये तो वारला तोवर दर वर्षी तसाच उभा राहिला.

'दगा' हा शब्द तो फार वापरी. प्रमुखाने दगा दिला, आइलर्सने दिला, गावाने दिला. त्याच्या तुकडीच्या विमानांनी ज्या विमानतळांवर गोळीबार केला तिथल्या माणसांबद्दल, किंवा युद्धकाळात पकडून आणून टापकेनच्या भट्टीवर राबवलेल्या पोलिश मुलीबद्दल तो कधी काही बोलल्याचे मेटाला आठवत नाही. दगा झाला तो फक्त आपल्याला, अशी त्याची समजूत असावी. ही समजूत गावातल्या इतर अनेकांचीही होती, म्हणून ती एकट्याच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

आइलर्स का फिरला, हे कळलेले नाही. त्या हिवाळ्यात देशाचे नवे हवाईदल उभे राहत होते आणि त्याने तिथे अर्ज केला होता, एवढे पक्के आहे. ज्याने हिन्रिखची सही घेतली त्याच जुन्या तुकडीप्रमुखाची शिफारस त्याला हवी होती, असे मेटा म्हणते. त्याला दुजोरा मिळाला नाही. १९६३ मध्ये मोटार अपघातात तो गेला, या विषयावर पुन्हा न बोलता. गेरोल्डचे विमान पाण्यातून वर आलेले नाही. त्या सकाळी तिथल्या तोफा कोणत्या तुकडीच्या होत्या आणि त्यांना निरोप पोचला होता का, हे ठाऊक नाही. हिन्रिखने मेटाला ही हकीकत दोनदा सांगितली; एकदा गोळे समोरून आले होते, एकदा डावीकडून. त्याने स्वतः नेमके काय पाहिले, हेही ठाऊक नाही.