लहान कंटेनर पुरेल

मी जात्याच संशयी आहे. दुकानदार जास्त गोड बोलला की पावती दोनदा वाचते. पुण्यात पहिलं बिऱ्हाड हलवलं तेव्हा सामानवाल्यांनी अर्ध्या वाटेत टेम्पो उभा करून अडवणूक केली होती, आणि तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते. त्यामुळे टोकियोतल्या निशी-कसाईहून सेंदाईला जायचं ठरलं तेव्हा मला नव्या नोकरीपेक्षा सामान नेणाऱ्यांचीच धास्ती जास्त होती.

सेंदाईच्या विद्यापीठात मला संशोधनाची जागा मिळाली होती. नवऱ्याचं ऑफिस टोकियोत, त्याचं कॉन्ट्रॅक्ट अजून दोन वर्षं बाकी. म्हणून त्याने याच फ्लॅटमध्ये राहायचं आणि मी दहा वर्षांच्या मुलीला घेऊन जायचं, असं आम्ही दोघांनी एका रविवारी चहा पिता पिता ठरवून टाकलं. मुलगी बरोबर आहे म्हटल्यावर मला परक्या गावाची भीती नव्हती. तिच्याशिवाय मी ती नोकरी घेण्याचा विचारही केला नसता.

इथे थोडं सामान न्यायचं तर चाकांचा कंटेनर मिळतो. लहान म्हणजे पुरुषभर उंचीचा जाळीदार पिंजरा, एकट्या माणसाच्या संसारापुरता. मोठा त्याच्या दुप्पट. आपल्याला कोणता लागेल ते ठरवायला कंपनीचा माणूस घरी येऊन सामान बघतो. आमच्याकडे आलेला पन्नाशीचा असेल. दारात वाकला, बूट काढून नीट वळवून ठेवले, पिशवीतून नवे मोजे काढून घातले, आणि दोन्ही हातांनी मला तांदळाची पिशवी भेट दिली. अजून कशालाच होकार दिला नव्हता आणि तांदूळ! मी पिशवी घेतली, फुकट ते पौष्टिक, पण मनात म्हटलं, गोगलगाय नि पोटात पाय.

लॅबमध्ये इंग्रजीवर निभावत असल्यामुळे माझं जपानी भाजी आणण्यापुरतंच. बाकी डॉक्टर असो की वॉर्ड ऑफिस, मध्ये मुलगी बोलते. त्या दिवशीही तीच होती. तो कपाटं उघडून बघत होता, टेपने मापं घेत कागदावर लिहीत होता, आणि मी त्याच्या मागोमाग. स्वयंपाकघरात त्याने कुकरसुद्धा मोजला. मुलीच्या खोलीत मात्र दोघांचं बोलणं लांबलं.

"काय म्हणतायत गं?"

"सामानाचं विचारतायत. दाइजोबु, आई."

दाइजोबु म्हणजे सगळं ठीक आहे, काळजी नको. हा शब्द ऐकला की मला हमखास काळजी वाटते. तेवढ्यात त्याने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. कळलं नाही हे दाखवायचं नव्हतं, म्हणून मी "हाय, हाय", म्हणजे हो हो, म्हणत मान डोलावली. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा डोलावली. शेवटी मुलीने निकाल सांगितला, "लहान कंटेनर पुरेल म्हणतायत."

लहान? दोन माणसांचं बिऱ्हाड? इथेच कुठेतरी पाणी मुरतंय हे मी ओळखलं. ऐन दिवशी अर्धं सामान बाहेर राहणार, ट्रक दारात उभा, मग तो म्हणेल त्याला मी हो म्हणायचं. संध्याकाळी मी हॉलमध्ये कंटेनरच्या मापाची वर्तमानपत्रं अंथरली आणि त्यावर खोकी रचायला घेतली.

नवरा घरी आला आणि दारातच थबकला. "सत्यनारायण घालतेयस का?"

"हसू नकोस. हा माणूस फसवतोय."

"अगं, त्यांचं रोजचं काम आहे ते. आणि जपान आहे हे."

"मग काय झालं? माणसंच ना शेवटी?"

मुलीचं टेबल मांडलं तेव्हाच अर्धी जागा संपली, पलंग तर दूरच. मुलगी येऊन ते सगळं बघत उभी राहिली आणि खोलीत निघून गेली. माझा संशय बळावला, पण त्या माणसावरचा.

दुसऱ्या दिवशी मी त्याला परत बोलावलं. मुलगी शाळेत होती, तेव्हा मध्ये फोनमधलं भाषांतराचं ॲप ठेवलं. त्याला थेट मुलीच्या खोलीत नेलं, टेबल दाखवलं, पलंग दाखवला, बाहेरची सायकल दाखवली. हे कागदावर आहे का? तो अजिबात चिडला नाही. गुडघ्यांवर बसला, यादीवरून बोट फिरवलं आणि फोनजवळ तोंड नेऊन हळूच बोलला. ॲपने मराठीत लिहिलं, 'माननीय कन्येने सांगितले, या वस्तू येथे वडिलांजवळ राहतील. त्या स्वतःही राहतील. मी मातेला दोन वेळा विचारले. मातेने संमती दिली.'

मी ते तीनदा वाचलं. ॲप चुकलंय असं म्हणून त्याला पुन्हा बोलायला लावलं, तरी तेच आलं. तो माणूस जमिनीकडे बघत राहिला. मला त्याच्यासमोर इतकी लाज वाटली की मी त्याला चहाही विचारला नाही.

मग दिवसभर मी नवऱ्यावर संशय घेतला. यानेच शिकवलं असणार. सत्यनारायण म्हणून हसत होता तो!

मुलगी शाळेतून आली. त्या माणसाकडून ठेवून घेतलेला यादीचा कागद मी तिच्यासमोर ठेवला.

"बाबांनी सांगितलं तुला असं बोलायला?"

"बाबांना माहीतच नाहीये."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्यासमोरच सांगितलं ना."

"जपानीत!"

"त्यांनी जपानीत विचारलं म्हणून. त्यांनी विचारलं, हे टेबल तुझं का, तुला न्यायचंय का. तू कंटेनरचं सगळं विचारलंस. किल्ली कुणाकडे राहणार, पाऊस आला तर काय. मला कुणी विचारलंच नाही."

ती रडत नव्हती. शाळेची टोपी अजून डोक्यावर होती. तिच्या मैत्रिणी इथे होत्या, शाळा इथे होती, बाबा इथे होता. यातलं काहीच तिने माझ्यापासून लपवलेलं नव्हतं. आठवडाभर मी घरातली एकेक वस्तू मोजली होती, आणि तिला त्यातच धरलं होतं.

मी तिला जवळ बसवलं आणि विचारलं. खरं उत्तर हवंय, मला वाईट वाटेल म्हणून काही बोलू नकोस, असंही म्हटलं. तिने लगेच उत्तर दिलं.

सकाळी मी कंपनीला लहान कंटेनर चालेल म्हणून कळवलं.