अण्णाचा डावा दंड

अण्णाचा डावा दंड दुखायला लागला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि दंडांबद्दल आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. ते दुखणं सुरू झाल्यावर तो दीड महिनाच जगला, आणि त्या दीड महिन्यात त्याच्या हाताचा डॉक्टर मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला शहाणपणाचा आव आणता येणार नाही.

आमचं घर शिवाजीनगरच्या बाजारामागे. बेंगळूरात आमच्या किती पिढ्या गेल्या कोण जाणे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. गल्लीच्या टोकाला तालीम होती, तिला सगळे गरडी म्हणत. तिथला रिवाज असा, की हात दुखो वा पाय, आधी तो आखाड्यात आणायचा, वस्तादांना दाखवायचा, तांबडी माती लावून घ्यायची. दवाखान्याची पायरी त्यानंतर.

गरडीतले बाकीचे नुसते जोर काढत. मला रद्दीवाल्याकडे व्यायामाचं एक इंग्रजी मासिक सापडलं होतं. दंडाच्या मागचा स्नायू तीन पेडांचा असतो, आणि हाताची पकड नि कोन बदलला की कुठल्या पेडावर जास्त भार येतो तेही बदलतं, एवढं मला त्यातून कळलं, आणि त्यातल्या सगळ्या पकडी मी एका वहीत उतरवून घेतल्या. झालं, अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. पंजे जवळ घेऊन जोर, विटांवर पंजे ठेवून जोर, मागे कट्ट्यावर हात टेकून अंग खाली-वर करणं, डंबेल डोक्यामागे नेऊन उचलणं. भेटेल त्याला मी धडे देत सुटलो.

अण्णा कचेरीत कारकून होता. एका सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "बसमधनं उतरून चालायला लागलो की डावा दंड आतनं आवळल्यागत होतोय रे. स्वल्प थांबलं की बरं वाटतं."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? जन्मभर मी त्याच्याकडून घेतच आलो होतो. शाळेची फी, कपडे, व्यायामानंतरचं दूधसुद्धा. त्याला देण्यासारखं माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं.

रिवाजाप्रमाणे मी त्याला गरडीत नेलं. वस्तादांनी दंड दाबून पाहिला, माती लावली आणि विचारलं, "चालताना दुखतं, की वजन उचलताना?"

अण्णा तोंड उघडणार तोच मी म्हणालो, "उचलताना. कचेरीत फायलींचे गठ्ठे उचलतो ना तो."

अण्णानं माझ्याकडे पाहिलं आणि नुसता हसला. वस्तादांनीही मान डोलावली. प्रश्न त्याला होता, उत्तर मी दिलं. एवढी आगाऊ जीभ देवानं कुणाला देऊ नये.

मग रोज सकाळी आमच्या अंगणात शाळा भरायची. "सरी, बरं, आज हात कसा धरू?" असं तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा विचारायचा. पंजे जवळ घेतले तर त्याचा चेहरा पिळवटला, म्हणून मी ते लांब ठेवायला लावले. तरी जमेना, म्हणून भिंतीला हात टेकून तिरकं उभं राहायला सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "हां, आता नाही दुखत." मी तिथेच दंड थोपटला. "बघितलंस? सगळा खेळ कोनाचा आहे!" एवढ्याशा व्यायामानं त्याला दरदरून घाम फुटायचा, तोही मला चांगलाच वाटायचा.

दीड महिन्यानंतर, कचेरीला जाताना, बस स्टँडजवळच्या एका दुकानाच्या पायरीवर तो टेकला तो उठलाच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी छातीत, हातात काही दुखत होतं का, किती दिवसांपासून? मी सांगितलं. ते म्हणाले, "ते दुखणं हाताचं नव्हे, हृदयाचं. आधी आणलं असतं तर निदान विश्रांती दिली असती, गोळ्या दिल्या असत्या." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेरावा झाल्यावर वहिनी त्याचे सदरे घड्या करून ठेवत होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि ढसाढसा रडलो. म्हणालो, "वहिनी, माझ्यामुळे गेला तो."

त्या लगेच 'नाही' म्हणाल्या नाहीत. हातातला सदरा तसाच मांडीवर ठेवून म्हणाल्या, "दुखायचं थांबलं नव्हतं, भावजी. भिंतीशी बरं वाटायचं, पण रस्त्यात रोज दोनदा बसायचे. मी म्हटलं, भावजींना सांगा की. तर म्हणाले, 'किती मन लावून शिकवतोय तो. अजून एक पकड राहिलीय म्हणाला. तेवढी शिकवू दे त्याला, मग जाऊ डॉक्टरकडे.'"

एक नव्हती. माझ्या वहीत अजून चार होत्या.