झाकण उघडून मोजलेली घड्याळं

माझी पहिली नोकरी खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत होती आणि काम होतं परदेशी गिऱ्हाइकांना बाजाराचे अहवाल लिहून देण्याचं. कुणाला कुलपांच्या बाजाराची माहिती हवी, कुणाला कुत्र्यांच्या बिस्किटांची. पहिले सहा महिने उमेदवारीचे, मग पक्कं करायचं की नारळ द्यायचा ते ठरायचं. पाचव्या महिन्यात माझ्या वाट्याला विषय आला, जगातल्या घड्याळ कंपन्या आणि त्यांत कुणाचा वाटा किती. माझी मॅनेजर माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठी होती. ती म्हणाली, "हा रिपोर्ट नीट गेला की तुझं कन्फर्मेशन झालंच समज. फक्त क्लायंट जरा खडूस आहे."

मी मनातल्या मनात खूश झाले. माझे वडील घड्याळजी. स्वारगेटजवळ त्यांचं दुकान, इतकं अरुंद की बाबा आत आणि गिऱ्हाईक फुटपाथवर. डोळ्याला भिंग लावून ते आयुष्यभर घड्याळांच्या पोटात बघत आले. घड्याळ हा विषय मला बाळकडूतच मिळालाय अशी माझी ठाम समजूत होती, म्हणून त्यांना काही विचारायची गरजच वाटली नाही. खरं सांगायचं तर थोडा शिष्टपणाही होता. ते एका वेळी एक घड्याळ बघायचे, मी जगातली सगळी बघत होते.

तीन आठवडे मान मोडून काम केलं. कंपन्यांचे अहवाल वाचले, आयात-निर्यातीचे तक्ते चाळले आणि शेवटी एक रंगीत गोल काढला. स्वित्झर्लंडला निळ्या छटा, जपानला लाल, हाँगकाँग आणि चीनला पिवळ्या. आपल्या देशातल्या कंपनीच्या वाट्याला चिंचोळी हिरवी फोड आली, ती मी मुद्दाम गडद केली. तेवढी देशभक्ती चालते. शुक्रवारी अहवाल पाठवला आणि शनिवारी क्लायंटचं दोन ओळींचं उत्तर आलं. तुमच्या म्हणण्यानुसार जगात जितकी घड्याळं विकली गेली, तितकी तयारच झालेली नाहीत. सोमवारी फोनवर बोलू.

"फॉर्म्युला गंडला असेल यार, चेक कर," मॅनेजर म्हणाली. मी तीनदा तपासलं. बेरीज चोख होती, म्हणजे चूक दुसरीकडेच कुठेतरी होती आणि ती मला दिसत नव्हती. नोकरी जाणार असं मला खरंच वाटायला लागलं. रविवारी सकाळी मुकाट्याने कागद घेतले आणि दुकान गाठलं.

"बोला," बाबा मान वर न करता म्हणाले.

"बाबा, मी आहे."

"आवाजावरून कळलं. घड्याळ कुठाय?"

मी कागद पुढे केला. हातातलं काम संपवून त्यांनी तो वाचला, सावकाश, वरपासून खालपर्यंत.

"ही जपानची कंपनी दोन ठिकाणी का?"

"एकदा त्यांची स्वतःची घड्याळं. आणि एकदा ते नुसती आतली मशीन विकतात, ती."

"कुणाला विकतात?"

"दुसऱ्या कंपन्यांना."

"त्या काय करतात त्यांचं? लोणचं घालतात?"

"घड्याळात बसवतात," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच चूक माझ्या लक्षात आली.

"आणि मग ती घड्याळं तू त्या दुसऱ्या कंपन्यांच्या नावावर परत मोजलीस."

त्यांनी दुरुस्तीला आलेली तीन घड्याळं माझ्यासमोर उघडली. तबकड्यांवर तीन वेगवेगळी नावं, आत तिन्हीकडे तेच मशीन. एका झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या. घड्याळ दुरुस्त केलं की घड्याळजी तिथे आपली खूण करून ठेवतात, म्हणजे ते पुन्हा आलं तर ओळखू येतं. बाबा म्हणाले, "तबकडीवर कुणीही काहीही छापतं. मोजायचं तर झाकण उघडून मोजावं. आधी का नाही विचारलंस?"

"वाटलं, मला येतं."

"हलवायाच्या मुलीला जिलेबी पाडता येतेच असं नाही. खाता येते."

दिवसभर मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून होते. कोणत्या नावाच्या आत कुणाचं मशीन असतं हे ते सांगत होते, मी लिहून घेत होते. संध्याकाळी घरी जाऊन दोन गोल काढले, एक विकणाऱ्यांचा आणि एक मशीन बनवणाऱ्यांचा. पहिल्यात नावांची जत्रा होती. दुसऱ्यात मोजके कारखाने उरले.

सोमवारी फोनवर क्लायंटने दोन्ही गोल ताडून पाहिले. मग त्याने विचारलं, हा दुसरा गोल कुणाला सुचला? मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझे वडील घड्याळं दुरुस्त करतात. पलीकडून पहिल्यांदाच हसण्याचा आवाज आला. त्या आठवड्यातच माझ्या हातात नोकरी पक्की झाल्याचं पत्र पडलं.

पत्र आणि अहवालाची रंगीत प्रत घेऊन मी थेट दुकानात गेले. बाबांनी आधी हात पुसले, मग पत्र दोनदा वाचलं. नंतर भिंग लावून ते रंगीत गोलावर वाकले.

"यात मी कुठे?"

"बाबा, यात फक्त नवीन विकलेली घड्याळं धरतात."

"आणि मी चालू करून दिलेली?"

"ती... ती चालू झाली की माणूस नवीन घेत नाही. म्हणजे ती न विकलेली घड्याळं झाली."

ज्यांच्यामुळे माझी नोकरी वाचली होती, त्यांच्या वाट्याला माझ्या गोलात सुईच्या टोकाएवढीही जागा नव्हती. मी काहीतरी सारवासारव करायला लागले, पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते हळूहळू एकेका रंगावरून बोट फिरवत होते, निळा, लाल, पिवळा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधीच न पाहिलेलं समाधान पसरत चाललं होतं.

"म्हणजे एवढ्या मोठमोठ्या कंपन्यांची इतकी वर्षं स्वारगेटला विक्री का होत नाही, ते त्यांना अजून कळलेलंच नाही," भिंग काढत ते म्हणाले. "कळवू नकोस. तुझी नोकरी नुकतीच पक्की झालीये."