चारुताने मोडलेले कुंड

हे जलशायी नारायणा, मेघात तू, मुळांत तू, दगडाच्या काळजातून पाझरणाराही तूच. तुझ्या चरणी मस्तक ठेवून तुझ्या एका लेकीची गोष्ट सांगतो.

तिचे नाव चारुता. पुण्याहून मेलबर्नला अकाउंटिंग शिकायला आली, आणि आज तिथल्या क्रेगीबर्न उपनगरात बस चालवते, आवडीने चालवते. पती वरुण, लेक सुखदा, एवढा तिचा संसार. रविवार मात्र ओढ्याचा. शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीत, एका झऱ्यातून हा ओढा निघतो. गुरांनी काठ तुडवले, गाळ साचला, आणि ट्राउट मासे तिथे अंडी घालायचे थांबले. गळ टाकणाऱ्या मंडळींनी तो पुन्हा जिवंत करायचे मनावर घेतले, आणि ही शुद्ध शाकाहारी बाई त्यांच्यात सामील झाली. मंडळींचे वृद्ध प्रमुख नेव्हिल तिला चिडवत, की मासा न खाणारा माणूसच माशांच्या कामाला भरवशाचा. कुंपण झाले, काठावर झाडे लागली. येत्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून-जुलैत, मासा परततो की नाही, एवढेच पाहायचे उरले.

आणि इथेच भक्तीने घात केला. उगमाचे निर्मळ पाणी पाहताच चारुताचे हात जोडले गेले. असे तीर्थ उघड्यावर कसे ठेवायचे? उन्हाळाभर तिने आणि वरुणने ओढ्यातले गोटे वेचून उगमाभोवती रचले, फटी मातीने लिंपल्या. सुबक कुंड झाले, उतरायला पायरीसुद्धा. विचारले कोणालाच नाही. देवाचे काम विचारून कोण करतो?

थंडीच्या तोंडावर एका रविवारी तिघेही उगमापाशी असताना नेव्हिल वर चढून आले. कुंड तुडुंब, पाणी कोमट आणि स्तब्ध. खाली ओढ्यात बारीकशी धार, आणि गोट्यांच्या जागी चिखल. पायरीवर बसून त्यांनी पाण्यात हात घातला. मग म्हणाले, "सुंदर बांधलंस, चारू. पण ट्राउटला गार, वाहतं पाणी लागतं. अंडी गोट्यांच्या फटींत श्वास घेतात. तू गोटेही नेलेस आणि पाणीही."

चारुताचे डोळे भरून आले. वरुण म्हणाला, एक बाजू फोडू, बाकीचे राहू दे.

"आई, यू बिल्ट अ बाथटब," सुखदा म्हणाली, आणि रडता रडता चारुताला हसू फुटले.

"अर्धवट नको," ती वरुणला म्हणाली. "मी देवाला कोंडून ठेवलं, रे. मीच सोडते."

एकदम फोडले तर सगळा गाळ खाली जाईल, असे नेव्हिलनी बजावले. म्हणून आधी बादल्यांनी चिखल उपसला, मग एकेक दगड सुटला. जिथून जो गोटा आणला होता, तिथेच तो पुन्हा पसरला. धार मोकळी झाली. आणि मग वाट पाहणे आले. जून कोरडाच गेला. चारुता जप करी, पण मासा दिसेना.

जुलैतल्या एका धुकट सकाळी गोट्यांवर काहीतरी चमकले. एक मादी कुशीवर वळून शेपटीने गोटे सारत होती, अंड्यांसाठी खळगा करत होती. नर शेजारी पहारा देत होता. चारुता चिखलातच गुडघे टेकून बसली. नेव्हिलनी टोपी काढली आणि ते कुजबुजले, हे ट्राउटही तुझ्यासारखेच परदेशातून आलेले, आता इथलेच.

नारायणा, त्या अंड्यांना सुखरूप ठेव. चारुताच्या हातांना बळ दे, वरुणला निरोगी आयुष्य दे, सुखदाचे बोलणे असेच खट्याळ राहो, आणि त्या घरात तुझे नाव व समाधान अखंड नांदो.