गोळीचा मुक्काम

दवाखान्यातली औषधं संपतात, किस्से काही संपत नाहीत! मी बारामतीत नर्स होते, सत्तावन्न-अठ्ठावन्न सालच्या सुमाराला. पुण्याहून एक नवी झोपेची गोळी आली. हळूहळू विरघळायची, रात्री घेतली की सकाळपर्यंत पुरायची. तरण्यांना, बरं का! म्हाताऱ्यांच्या अंगातून ती निघायचं नावच घेईना.

इंदापूरकडच्या एका तात्यांनी रात्री गोळी घेतली. सकाळी उसाला पाणी द्यायला गेले अन् बांधावरच घोरायला लागले. त्यांच्या पाळीचं सगळं पाणी शेजाऱ्याच्या उसात! पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी शेजारीच दवाखान्यात हजर.

"तात्यांची गोळी संपली असंल, म्हणून न्यायला आलोय!"

*

बारामतीतल्याच दोन जावा. दोघी सत्तरीच्या, दोघींच्या तोंडाचं बोळकं. दिवसभर कडाकडा भांडायच्या, पण पान मात्र एकाच खलबत्त्यात कुटायच्या. थोरलीच्या घशाखाली गोळी उतरेना, म्हणून तिनं ती पानासंगं कुटली. रात्रभर पुरायचं औषध एका दमात दोघींच्या पोटात! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघी गाढ. डॉक्टर घाबरून धावले.

संध्याकाळी थोरलीची सून आली. मी विचारलं, "उठल्या का गं?"

"उठल्या की. भांडाय बी लागल्या. बाई, अजून एक मिळंल का?"

डॉक्टर असे भडकले म्हणता! म्हणाले, "म्हाताऱ्या अंगातून औषध लवकर निघत नाही. आजची गोळी कालच्या गोळीला भेटते! म्हाताऱ्यांना तीन दिवसांतून एकच द्यायची, अन् कुटायची नाही."

*

आता माझंच सांगते. काटेवाडीच्या एका मास्तरांशी माझं लग्न ठरत होतं. मास्तर तयार, सगळे तयार, पण त्यांचे आजोबा, आबा, अडून बसले. साऱ्या भावकीसमोर म्हणाले होते, "आमच्या घरात नोकरी करणारी बाई न्हाय चालायची." नोकरी मी सोडणार नव्हते. रडून रडून डोळे सुजले माझे, खोटं कशाला सांगू!

त्यातच आबांची झोप उडाली अन् डॉक्टरांनी आठ गोळ्या लिहून दिल्या. पुडी मीच बांधली, वर दोरा गुंडाळला.

बोलणीच्या दिवशी आबा लोडाला टेकून डुलत होते. मध्यस्थानं विचारलं, "आबा, पोरीनं लग्नानंतर नोकरी केली तर चालंल का?"

आबांची मान खाली गेली.

"कायमची?"

मान पुन्हा खाली!

"आबा व्हय म्हणाले!" लगेच साखर वाटली. चिमूटभर आबांच्या तोंडात घातली, तेव्हा ते दचकून उठले. सगळं ऐकल्यावर कपाळाला हात लावून भावकीला म्हणाले, "गोळीनं घात केला रं! पण दिला शब्द मोडायचा कसा?"

लग्नाला महिना झाला होता. सकाळी मी निघायच्या घाईत, तर आबांनी चंची पुढं केली. "पोरी, तेवढी सुपारी काढ."

सुपारीच्या खाली माझीच पुडी. दोरासुद्धा मी गुंडाळलेला, तसाच. सोडून बघितली, तर आठच्या आठ गोळ्या!

मी पुडी आबांपुढं धरली.

"सुपारी बारीक कातर," आबा म्हणाले, "अन् नीघ आता. दवाखान्याला उशीर हुतोय तुला."