चार बोल्टांचं काम

पंचेचाळीस साली लढाई संपली आणि कल्याणच्या कॅम्पातल्या लष्करी फटफट्या लिलावात निघाल्या. गावातल्या हौशी लोकांनी त्या घेतल्या, चालवायला मात्र कुणालाच धड येत नव्हत्या. मी कचेरीतला साधा कारकून, पण बायकोचं न ऐकता एक घेतली आणि पहिल्याच आठवड्यात पारनाक्यावर भर बाजारात आडवा झालो. लोक उचलायला आले ते हसतच. म्हणाले, आधी गुणाजीकडे जा, गार्ड बसवून घे, गाडी पडली तरी पाय वाचवणारी पाईपाची कमान.

गुणाजी लोहार मूळचा नगरकडचा. चार पत्रे आणि एक भट्टी, एवढंच त्याचं दुकान. पाईपात कोरडी वाळू ठासून, तापवून तो असा वाकवायचा की कुठे चीर नाही की चपटा भाग नाही. गाडीच्या सांगाड्याला त्याने कधी भोक पाडलं नाही. दोन पोलादी पट्ट्या आणि चार बोल्ट, की गार्ड बसला. "गाडी पडनारच," तो म्हणायचा, "पाय वाचला पायजे." काम झालं की बोल्ट आवळायला एक पाना गिऱ्हाइकाच्या गाडीच्या पेटीत टाकायचा. माझ्याही टाकला होता. स्वभावाने हेकट, पण असल्या कारागिराचा हेकटपणा आपण कौतुकानेच सोसतो.

त्याला एकच मुलगी, शेवंती. जावई दगडू जवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात फिटर होता. दोन भंगार फटफट्यांची त्याने एक चालती गाडी केली होती आणि तिच्यावरून तो कामावर जायचा. गुणाजीने त्याच्यासाठी गार्ड केला, तोही असा घासूनपुसून, की मला माझा गार्ड सावत्र वाटायला लागला. दगडूचा गार्ड खिळ्याला टांगून ठेवला होता. जावयाला सवड झाली की बसवायचा.

दगडू आला तो नेमका एकावन्न सालच्या खंडेनवमीला. मी तीर्थप्रसादाला गेलो होतो. फळीवर हातोडे, सांडश्या, पाने ओळीने मांडले होते, त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. दगडू म्हणाला, मोहन्याच्या रस्त्यावर नवी खडी टाकलीय, चाक सरकतं, आज गार्ड बसला तर बरं.

गुणाजी म्हणाला, "जावईबापू, आज हत्यारं निजलीत. दसरा झाल्याबिगर उठवायची न्हाईत."

दगडूने विनवलं, निदान पाना तरी द्या, मी बाहेर नेऊन लावतो. गुणाजीने नकाराची मान हलवली. दोन दिवसांनी स्वतः बसवीन, वर हारही घालीन, म्हणाला. मग माझ्याकडे बघून विचारलं, काय भाऊसाहेब, बरोबर ना? मी म्हणालो, नियम तो नियम. दगडू हसला, सासऱ्याच्या पाया पडला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटपाळीला जाताना त्याची गाडी खडीवर घसरली. कुणी धडक दिली नाही, काही नाही. गाडी उजव्या पायावर पडली, एवढंच. गार्ड असता तर कपडे झटकून उठला असता. दवाखान्यात आठ दिवस खटपट झाली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. कारखान्यातलं काम गेलं. शेवंती नवऱ्याला घेऊन बापाच्या घरी आली.

गुणाजीने तो गार्ड खिळ्यावरून काढला, भट्टीत घातला, सरळ केला आणि त्या पाईपाची जावयाला कुबडी करून दिली. पाईप एकदा वाकला की कितीही ठोका, वळणाची खूण राहतेच. दगडू कधी एका शब्दाने बोलला नाही. दिवसभर दुकानात बसून कानस चालवायचा आणि सासऱ्याला मामा, मामा करायचा. गुणाजीने मात्र पुन्हा गार्ड केला नाही. कोयते, विळे करायचा, आणि लोक फटफटी घेऊन आले की आत निघून जायचा.

पुढच्या खंडेनवमीला मी संध्याकाळी गेलो. फळीवर हत्यारं मांडली होती आणि शेवटी, कुंकू लावलेली, ती कुबडी. गुणाजी दिवसभर देवळात जाऊन बसला होता, तो माझ्याबरोबरच परतला. दगडू दाराशी स्टुलावर होता. शेवंती रडकुंडीला आली होती. सकाळी कुबडी पूजेत ठेवल्यापासून दगडू जागचा हलला नव्हता, जेवायला आत गेला नव्हता, आधाराला तिचा हातही धरत नव्हता.

गुणाजीने विचारलं, हे काय?

"मामा, माझं हत्यार तेच की आता," दगडू म्हणाला. "पूजेतलं उचलायचं नसतं ना? उद्या संध्याकाळपर्यंतचाच तर प्रश्न आहे."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गुणाजी फळीकडे गेला. त्याने कुबडी उचलली, झेंडू खाली पडले. ती जावयाच्या हातात दिली आणि तिथेच, त्याच्या उरलेल्या पायाशी, खाली बसला.

"चार बोल्टांचं काम हुतं, बाबा," तो म्हणाला, आणि धाय मोकलून रडला. दगडूने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शेवंतीने तोंड फिरवलं.

मला तिथे उभं राहवेना. माझी फटफटी दाराशी होती. आदल्या वर्षीही ती तिथेच उभी होती, आणि गुणाजीने दिलेला पाना तिच्या पेटीत होता. त्याची पूजा कुणी केली नव्हती. दगडू पाना मागत असताना मला तो आठवलाही होता. पण गुणाजीला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही, आणि अजूनही त्याला सांगितलेलं नाही.