ईरम्माचं चिंचबन

सोलापुरात मंगळवार पेठेत सिद्धाराम बिराजदाराचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक रंगवलेला पडदा आणि एक डुगडुगती खुर्ची. समोरच्या गिऱ्हाइकाला तो "हलू नका" म्हणून दम द्यायचा आणि स्वतः मात्र कॅमेऱ्याभोवती सारखा नाचत असायचा. हात चांगला होता त्याचा, पण एक खोड होती. फोटोतून तो कुणालाही वगळत नसे.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. एका लग्नाच्या ग्रुप फोटोत नवरदेवाचा मावसा कडेला अर्धाच आला होता. एक कान आणि अर्धी मिशी. मावसा असा रुसला की दोन्ही घरांचं जाणं-येणं वर्षभर बंद पडलं, आणि दोघांनीही खापर फोडलं ते सिद्धारामवर. तेव्हापासून त्यानं धसकाच घेतला. लांब उभा राहून तो अख्खं वऱ्हाड कॅमेऱ्याच्या काचेत कोंबायचा, मग तोंडं हरभऱ्याएवढी दिसली तरी चालेल. ही खोड माणसांपुरती राहिली असती तर एक वेळ ठीक होतं.

त्याची बायको ईरम्मा सीना नदीकाठच्या गावची. आईवडील गेलेले, आणि भावानं गावाबाहेरचं चिंचबन लाकडाच्या ठेकेदाराला विकून टाकलेलं. होळी झाली की कुऱ्हाडी लागणार होत्या. बारा वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. ही बातमी आली तेव्हा मात्र ती म्हणाली, "आवो, गावभराची तोंडं काडता. माज्या बनाचा एक फोटो काडा की."

सिद्धाराम सायकलला कॅमेऱ्याची पेटी बांधून उत्साहात निघाला. लांबच्या बांधावर उभा राहून त्यानं बेचाळीसच्या बेचाळीस चिंचा काचेत घेतल्या. ईरम्मानं फोटो पाहिला आणि विचारलं, "हे कुनाचं बन हाय?"

दुसऱ्या खेपेला तो थेट बनात शिरला. पण तिथंही एकेक झाड घ्यायचा मोह सुटेना. खोडावर खोड, फांदीत फांदी, नुसती खोगीरभरती झाली. "ह्यात पाय ठेवाया जागा कुटं हाय?" ईरम्मा एवढंच म्हणाली आणि फोटो जपून आपल्या ट्रंकेत ठेवला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं समजून घेतलं, तेच त्याच्या जिव्हारी लागलं. होळी परवावर आली होती आणि काचेची प्लेट एकच उरली होती.

तिसऱ्या खेपेला तो पहाटेच बनात जाऊन पोचला. कॅमेऱ्याची तिपाई इकडे रोव, तिकडे रोव, असं तासभर चाललं होतं. बिरप्पा धनगर काठीवर हनुवटी टेकून हा खेळ बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"जावईबापू, काय हुडकताय?"

"समदं बन बसत न्हाय काचेत."

"समदं कशाला? आमची ईरक्का कुटं बसायची तेवढं घ्या की."

सिद्धारामनं तिपाई उचलली. बारा वर्षांत हे त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

बिरप्पानं त्याला नदीच्या अंगाला नेलं. तिथं एक जुनी चिंच होती, तिची एक फांदी वाकून पार जमिनीला टेकलेली. "बापाची भाकर घिऊन यायची आन हितं बसायची. मी तवापास्नं मेंढरं राखतोय हितं."

सिद्धाराम काळ्या कापडाखाली शिरला. जागा झकास होती. पण चिंचेच्या मागे पुन्हा तीच गर्दी, वीस-पंचवीस खोडं तिला चिकटून उभी. ती काही कापून बाजूला करता येत नव्हती. तो कपाळावर हात मारून घेणार, तोच बिरप्पाची मेंढरं पाण्याकडे निघाली, तीही नेमकी चिंचेच्या मागून. फाल्गुनातली भुकटी झालेली माती, दोनशे मेंढरांचे खूर, धुळीचे लोटच्या लोट उठले.

"आरं, आडव त्यास्नी, समदी झाडं गेली की," सिद्धाराम कापडाखालूनच ओरडला.

आणि मग त्यानं काचेत पुन्हा पाहिलं. कोवळं ऊन त्या धुळीत शिरलं होतं. मागची खोडं एकामागून एक फिकी होत पुसली जात होती आणि काचेवर, कॅमेऱ्यात दिसते तशी उलटी का होईना, ती वाकलेली चिंच पहिल्यांदा एकटी, ठसठशीत उभी होती. एकेचाळीस झाडं वगळायची म्हणजे त्याच्या जिवावरच आलं होतं. पण धूळ काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती. त्यानं प्लेट आत सरकवली, भिंगावरचं झाकण काढलं, एक आकडा मोजला आणि परत लावलं.

प्लेट धुऊन, उन्हात कागदावर छापून होईपर्यंत होळी उलटली. बनात कुऱ्हाडी लागल्याचं गावाकडच्या गाडीवानानं येऊन सांगितलं होतं. सिद्धारामनं फोटो ईरम्माच्या हातात दिला आणि आधीच कबूल करून टाकलं, "एकच चिंच आली बग. बाकीची धुळीत गेली. चुकलं माजं."

ईरम्मानं हात पदराला पुसले आणि फोटो दाराच्या उजेडात धरला. मग वाकलेल्या फांदीवर तिनं बोट टेकवलं.

"मी हितं बसायचे."

"व्हय. पर बाकीची झाडं..."

"हायती की मागं. मला तवाबी दिसत नव्हती धुळीत, मेंढरं निघाली की." तिनं फोटो छातीशी धरला. "आवो, माजं म्हायार घरी आणलंत की वो."

ती रडू लागली. बारा वर्षांत तिला असं रडताना सिद्धारामनं कधी पाहिलं नव्हतं. बाहेर एक गिऱ्हाईक हाका मारत होतं, त्याला थांबायला सांगून तो तिला घेऊन दाराच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "सांग बरं, आनि काय काय हुतं तितं?"